राजारामपुरीतला ‘निसर्ग’

कोल्हापूरला पाहुणे आले की त्यांना काय दाखवायचं, हे घराघरात ठरलेलं असतं. पहाटे अंबाबाई, मग भवानी मंडप, तिथून मिसळ, दुपारी न्यू पॅलेस, उन्हं उतरली की रंकाळा. आणखी एक दिवस हाताशी असेल तर जोतिबा आणि पन्हाळा. रात्री तांबडा-पांढरा, निघताना गूळ नाहीतर चपला. पाहुणे खूश होऊन जातात आणि व्हावेतच. पण या सगळ्यात राजारामपुरीतल्या एका घराचं नाव कधी निघत नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं. त्या घराविषयी केव्हापासून लिहायचं होतं.

नट आणि चित्रकार चंद्रकांत मांडरे यांचं ते घर. ‘निसर्ग’ हे त्याचं नाव. मांडऱ्यांनी आपल्या हयातीतच ते आतल्या चित्रांसकट महाराष्ट्र शासनाच्या हवाली केलं. राज्याच्या पुरातत्त्व आणि वस्तुसंग्रहालये खात्याचं ‘चंद्रकांत मांडरे कलासंग्रहालय’ म्हणून आता ते ओळखलं जातं. राजारामपुरी म्हणजे नंबरांच्या गल्ल्या, कापडाची दुकानं, दवाखाने, क्लासेस आणि गाडी लावायला जागा शोधत फिरणारी माणसं. अशा भर वस्तीत एका माणसाची शेकडो चित्रं एका छपराखाली आहेत, आणि दोन गल्ल्या सोडून राहणारी माणसंही कधी आत गेलेली नसतात.

साठीच्या पुढच्या कुणाही कोल्हापूरकराला चंद्रकांत म्हणून विचारा, उत्तर एकच येईल: शिवाजी महाराज. भालजी पेंढारकरांच्या १९५२ सालच्या ‘छत्रपती शिवाजी’मध्ये ते महाराज झाले आणि तो चेहरा लोकांच्या मनात कायमचा बसला. त्याआधी १९४१ साली प्रभातच्या ‘शेजारी’त ते होते. पुढे १९५९ च्या ‘सांगत्ये ऐका’तही. १९१३ साली जन्मलेल्या या माणसाचं पाळण्यातलं नाव गोपाळ, धाकटा भाऊ वामन. महाराष्ट्रानं त्यांना चंद्रकांत आणि सूर्यकांत म्हणून ओळखलं आणि गावोगावच्या तंबूंतून डोक्यावर घेतलं. एवढा मोठा चेहरा असला की त्याच्यामागचा हात दिसेनासा होतो. माझं म्हणणं त्या हाताविषयी आहे.

मागच्या वेळी मी आत्याला बरोबर घेतलं. ती चंद्रकांतांची भक्त. लहानपणी गावच्या जत्रेत तंबूत बसून तिनं ‘छत्रपती शिवाजी’ पाहिलेला. महाराज पडद्यावर आले की बायका पदर सावरून हात जोडायच्या, हे तिनं मला अनेकदा सांगितलंय. वाटेत रिक्षात ती म्हणाली, “तलवार, जिरेटोप असलं काय काय ठेवलं असंल की गं तिथं.” मी म्हटलं, “आधी चित्रं बघू.” तिनं मान डोलावली, पण तिचा विश्वास बसलेला दिसला नाही.

घराचं संग्रहालय झालेलं असलं की त्यात शिरताना पाऊल जरा वेगळं पडतं. न्यू पॅलेसमध्ये आपण रांगेबरोबर सरकतो. पुढच्याची पाठ हलली की आपण हलायचं. काचेच्या कपाटातलं शस्त्र, भुसा भरलेला वाघ, दरबार हॉल, सगळं बघून होतं आणि बाहेर आल्यावर आठवतं ते एकमेकांत मिसळलेलं. औंधला गेलं की वेगळंच दडपण येतं. बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी १९३८ साली डोंगरावर उभं केलेलं ते श्रीभवानी संग्रहालय एका राजाच्या नजरेनं जमवलेलं आहे. तिथं एवढ्या मोठ्यांची एवढी चित्रं आहेत की दुपारपर्यंत डोळे थकतात. ‘निसर्ग’ मात्र राहतं घर होतं. खोल्या माणसाच्या मापाच्या, भिंती हाताच्या अंतरावर. इथं राजाच्या वैभवाचा दाब नाही आणि मागून ढकलणारी रांगही नाही. एखाद्या चित्रासमोर किती वेळ थांबायचं, हे फक्त आपल्यावर असतं. आणि नेमकं तेच आपल्याला जमत नाही. मोकळीक मिळाली की माणूस भराभर सगळ्या खोल्या फिरून येतो आणि ‘झालं बघून’ म्हणतो.

म्हणून मी एक रीत लावून घेतली आहे. पहिली फेरी न थांबता मारायची. काही वाचायचं नाही, कुठे रेंगाळायचं नाही, घर नुसतं अंगावरून जाऊ द्यायचं. मग डोळा ज्या चित्राकडे परत परत वळला त्याच्यासमोर जाऊन उभं राहायचं आणि पाय दुखेपर्यंत हलायचं नाही. बाकीची चित्रं राहिली तर राहू देत. ती कुठे जात नाहीत, आणि आपणही याच गावात राहतो.

त्या दिवशी माझा डोळा ज्यावर गेला ते एक साधं निसर्गचित्र होतं. मागे डोंगराची उतरण, पुढे झाडं, मधून निघालेली वाट. असा देखावा आपण कॅलेंडरवर हजार वेळा पाहिलेला असतो, त्यामुळे लांबून ते चित्र काहीच मागत नाही. जवळ गेले. आणखी जवळ गेले, काचेवर श्वास उमटेल इतकी. तेव्हा लक्षात आलं की यात ब्रशचा एकही फटकारा नाही. रंग ओढलेला नाही, टेकवलेला नाही, तो कागदाच्या दाण्यादाण्यात जाऊन बसलाय, पिठाच्या गिरणीतल्या भिंतीवर पीठ बसतं तसा. जिथं डोंगर आभाळाला मिळतो तिथं रेघ शोधू लागले तर रेघच सापडेना. निळसर करडा हळूहळू विरत जातो आणि कुठल्या तरी क्षणी त्याचं आभाळ झालेलं असतं. तो क्षण नेमका कुठला, ते नाक टेकवूनही सांगता येत नाही.

याला पावडर शेडिंग म्हणतात. चंद्रकांतांची खरी ओळख या कामात आहे असं माझं मत आहे. कोरड्या रंगाची बारीक भुकटी घ्यायची आणि ती बोटानं, कापसाच्या बोळ्यानं, मऊ कापडानं कागदावर चोळत, पसरत, साठवत जायची. पाणी नाही, तेल नाही. जलरंगात पाणी निम्मं काम करतं. ओघळ सुकताना रंग कडेला ढकलला जातो आणि चित्रकाराच्या मदतीला एक कड आपोआप येते. पावडरीला अशी कड येतच नाही. हवी असेल तर कागदाचा आडोसा धरून ती राखावी लागते, आणि आडोसा उचलताना हात हलला की सगळं पुसट. काळोख हवा असेल तर थरावर थर द्यायचे. उजेड वरून लावता येत नाही. तो कागदातच कोरा राखून ठेवायचा, नाहीतर रबरानं भुकटी उचलून खालून वर आणायचा. म्हणजे झाडाच्या शेंड्यावरचं ऊन कुठे असणार, हे पहिला बोळा टेकवण्याआधीच ठरलेलं पाहिजे.

शाळेत आम्ही एलिमेंटरीच्या परीक्षेला बसलो होतो तेव्हा चित्रकलेचे सर वर्गातून फिरताना एकच वाक्य म्हणायचे, “बोटानं घासू नका.” पेन्सिलनं एकेक रेघ ओढून छाया भरायची, बोट फिरवलं की मार्क गेले. सरांचं बरोबरच होतं. मुलांचं बोट फिरलं की मडकं काळपट होतं आणि त्याची गोलाई जाते. ‘निसर्ग’मधल्या त्या चित्रासमोर उभं राहून मला कळलं की बोटानं घासूनही गोलाई येते, फक्त त्या बोटाला रेघेइतकीच शिस्त लावावी लागते. बोट किती दाबायचं, कुठे उचलायचं, कापूस कुठे बदलायचा. मळका कापूस उजेडाच्या जागी गेला की ते चित्र तिथंच संपलं.

आत्या एव्हाना फोटोंजवळ पोचली होती. भूमिकांमधले ते फोटो बघताना तिचा चेहरा उजळला. एकेका फोटोसमोर उभी राहून ती मला सिनेमाची गोष्ट सांगत होती. मग गोष्टी संपल्या आणि ती माझ्याजवळ आली.

“एवढा वेळ काय बघायलीस गं त्यात?”

मी तिला डोंगराची कड दाखवली, म्हणजे नसलेली कड दाखवली. तिनं चष्मा पुसून पुन्हा लावला. बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “आषाढात पन्हाळ्याकडनं येतं तसलं धुकं हाय हे. डोंगर असतोय आणि नसतोय.”

तिच्या या वाक्यानं माझ्या डोक्यातली एक गाठ सुटली. हा माणूस तैलरंग, जलरंग सोडून या भुकटीच्या मागे इतका का लागला असेल, हा प्रश्न मला पडायचा. कारण खरं काय ते त्यांचं त्यांना माहीत. पण आमचा मुलूख बघितला तर एक गोष्ट डोळ्यांसमोर येते. जून ते सप्टेंबर इथल्या डोंगरांना कड नसते. पन्हाळा शहरापासून जेमतेम २० किलोमीटर, पण पावसाळ्यात तो सकाळी दिसतो आणि दुपारी पुसला जातो. गगनबावड्याच्या बाजूला गेलं तर समोरचं झाड दिसतं आणि त्याच्यामागचं नुसतं जाणवतं. ज्याच्या डोळ्यांवर लहानपणापासून हे संस्कार झाले, त्याला विरत जाणारी माया पकडायला कोरडी भुकटी जवळची वाटली तर नवल नाही. निदान त्या खोलीत उभं असताना मला हे पटलं होतं आणि अजूनही पटतं.

सगळीच चित्रं मला सारखी आवडतात असं नाही. काही देखावे जरा जास्त गोड आहेत. झाड हवं तिथं, पाणी हवं तिथं, संध्याकाळ अगदी पाहिजे त्याच रंगाची. अशा चित्रासमोर मी थांबत नाही. पण ज्या चित्रांत काही घडत नाही, नुसता चढ आहे, खडक आहे, उन्हाची एक तिरीप आहे, तिथं हा चित्रकार फार मोठा वाटतो. तिथं त्यानं बघणाऱ्याला खूश करायचा विचार सोडून दिलेला असतो.

आत्या बाकावर टेकली. “मी बसतो हितं, तू बघून ये सावकाश,” म्हणाली. आणि थोड्या वेळानं, मी परत आल्यावर, तिनं विचारलं, “शूटिंग काय, घोडे काय, गावोगाव फिरणं काय. त्यात ही एवढी चित्रं कवा काढली असतील गं या माणसानं?”

हा प्रश्न मला घरी आल्यावरही सोडेना. नटाचं काम दुसऱ्यांच्या वेळेवर चालतं. उजेड आला की शॉट, ढग आला की थांबा, दिग्दर्शक म्हणेल तेव्हा घोड्यावर बसा. पावडरीचं काम याच्या अगदी उलट. ते कुणाची वाट बघत नाही आणि घाई तर मुळीच सोसत नाही. इकडे एका माणसाला हजारो डोळे बघत होते, आणि तिकडे तोच माणूस एकटा बसून कागदावरचा ढग हातानं गडद करत होता. हे दोन्ही एकाच आयुष्यात बसवायचं तर वेळ कुठून तरी ओढून आणावा लागला असणार. घर बघताना मला सगळ्यात जास्त जाणवतो तो हा ओढून आणलेला वेळ. म्हणूनच तिथं भराभरा फिरणं मला जिवावर येतं.

बाहेरच्या माणसाला नट आणि चित्रकार हे दोन वेगळे धंदे वाटतात. कोल्हापुरात ते तसे कधी नव्हते. चंद्रकांत ज्यांना गुरू मानत ते बाबूराव पेंटर मुळात मेस्त्री घराण्यातले, १८९० सालचा जन्म. चुलतभाऊ आनंदराव यांच्याबरोबर नाटकाचे पडदे रंगवता रंगवता दोघांना सिनेमाचं वेड लागलं. परदेशी कॅमेरा परवडत नाही म्हणून स्वतःच बनवायला घेतला. आनंदराव १९१६ साली गेले, कॅमेरा पुरा झालेला त्यांना बघायला मिळाला नाही. बाबूरावांनी तो पुरा केला आणि १९२० साली त्यावर ‘सैरंध्री’ काढली. त्यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत पडदा रंगवणारा सेट उभा करायचा, सेट उभा करणारा गरज पडली तर तोंडाला रंग लावून उभा राहायचा. व्ही. शांताराम त्याच कंपनीत तयार झाले. ‘संत तुकाराम’ करणारे दामले आणि फत्तेलालही तिथलेच, आणि हे दोघं मुळात कुंचलेवाले. त्या परंपरेतला मुलगा नट झाला आणि चित्रं काढत राहिला, यात इथल्या कुणाला वेगळं वाटण्याचं कारण नव्हतं.

पण या परंपरेतलं हातात काय राहिलं ते मोजायला बसलं की जीव खालीवर होतो. महाराष्ट्र फिल्म कंपनीचे मूकपट जवळपास सगळे गेले. कंपनीची आठवण म्हणून खरी कॉर्नरला कॅमेऱ्याचा स्तंभ आहे, त्याच्या बाजूनं आम्ही रोज गाड्या हाकतो. शाहू महाराजांनी बांधलेलं थिएटर, जे पुढे केशवराव भोसले नाट्यगृह म्हणून ओळखलं गेलं, ते ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री जळालं. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती. त्या रात्री रस्त्यावर उभी राहून माणसं रडत होती. ते डोळ्यांनी बघितल्यापासून या शहरातल्या जुन्या भिंतींकडे मी वेगळ्या धास्तीनं बघते.

आणि आबालाल रेहमान. त्यांचं नाव घेतल्याशिवाय कोल्हापूरच्या चित्रकलेविषयी बोलताच येत नाही. जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकून हा माणूस मुंबईत नाव काढायचं सोडून कोल्हापूरला परत आला. शाहू महाराजांनी त्यांना आश्रय दिला. कोटितीर्थाच्या काठी राहिले, रंकाळ्यावर, पंचगंगेवर, झाडाखाली बसून चित्रं काढत राहिले. १९२२ साली महाराज गेले, १९३१ साली आबालाल गेले. त्यांनी काढलेल्यांतली किती तरी चित्रं इकडे तिकडे पांगली. त्यांचं असं घर नाही जिथं जाऊन एखादी दुपार त्यांच्याबरोबर काढावी. त्यांना भेटायचं तर टाऊन हॉलच्या संग्रहालयात जायचं. तिथं लोक ब्रह्मपुरीच्या उत्खननात सापडलेला पोसायडनचा छोटासा ब्राँझचा पुतळा बघायला येतात, आणि तो बघण्यासारखा आहेच. पण तिथंच आबालालही आहेत, आणि त्यांच्यापुढे फारशी गर्दी नसते.

‘निसर्ग’ बघून आल्यावर काही दिवसांत मुद्दाम टाऊन हॉलला गेले. दोन्ही ठिकाणं एकाच आठवड्यात बघावीत, असं मी सगळ्यांना सांगते. कारण मुलूख तोच, ओलावा तोच, आणि हात वेगळे. आबालालांचा रंग ओला आहे, तो कागदावर धावतो आणि थांबतो, आणि जिथं थांबला तिथं त्यांनी त्याला राहू दिलंय. पाणी काय करणार याचा अंदाज घेऊन ते एक पाऊल मागे सरकतात. चंद्रकांतांच्या कागदावर आपोआप काहीच झालेलं नाही. प्रत्येक दाणा त्यांनी बोटानं जागेवर नेलाय. एकानं निसर्गाला थोडं काम करू दिलं, दुसऱ्यानं सगळं स्वतःच्या अंगावर घेतलं. यातलं मोठं कोण, या वादात मी पडणार नाही. मला आबालाल जास्त जवळचे आहेत, हे खरं. पण आबालाल कसे बघायचे, हे मला ‘निसर्ग’मध्ये पाय रोवून उभं राहिल्यामुळे समजायला लागलं. टाऊन हॉलमधून निघून संध्याकाळी रंकाळ्यावर गेले तर पाण्यात उभा असलेला संध्यामठ समोर आला. आबालालांनी तो रंगवलेला आहे. त्यावर रेंगाळलेला उजेड मी किती तरी वर्षं भेळ खाता खाता बघत आले, पण त्याचा रंग कुठे बदलतो ते त्या दिवशी पहिल्यांदा शोधलं.

म्हणून मला चंद्रकांतांचं घर देणं फार मोठं वाटतं. २००१ साली ते गेले. पण त्याआधीच त्यांनी ठरवून टाकलं होतं की ही चित्रं विकली जाऊन घराघरांत पांगणार नाहीत, एकत्र राहतील आणि ज्याला बघायची असतील त्याला बघता येतील. राजारामपुरीतल्या जागेची किंमत काय असते हे कोल्हापूरकराला सांगायला नको. भावकीत एका खोलीवरून वर्षानुवर्षं कोर्ट चालतं अशा या आमच्या मुलखात एक माणूस राहतं घर उचलून लोकांना देतो. महाराजांची भूमिका करणारा नट म्हणून लोकांनी त्यांना हात जोडले. मला वाटतं, या एका कामासाठीही जोडावेत.

दिलेलं जपणं आता आपल्याकडे आहे, आणि कागदावरची कोरडी भुकटी जपणं सोपं काम नाही. तैलचित्राला वॉर्निश असतं, थोडंफार सोसतं. पावडरीच्या चित्राला काचेशिवाय संरक्षण नाही. बोट लागलं की ती निघते. कागद दमट हवा धरतो, दमट कागदावर बुरशी येते, आणि कोल्हापूरच्या पावसाळ्यात तर कपाटातल्या चपलासुद्धा पांढऱ्या होतात. सतत प्रखर उजेड पडला तर कागद पिवळा पडतो, रंग उतरतो. म्हणजे या चित्रांना अंधार हवा आणि बघणाऱ्याला उजेड, आणि दोघांचं भागवायचं काम संग्रहालयाला करत राहावं लागतं. अशा जागी खोली जरा मंद वाटली तर तक्रार करण्याआधी डोळ्यांना पाच मिनिटं द्यावीत. ते सरावतात, आणि मग अंधारातले थर दिसू लागतात.

काचेचं एक बघायला हवं. समोरच्या खिडकीचं प्रतिबिंब तिच्यात पडतं आणि डोंगराच्या जागी आपलाच चेहरा दिसतो. अर्धं पाऊल डावीकडे सरकायचं, गुडघ्यात थोडं वाकायचं, आणि एका जागी खिडकी काचेतून निघून जाते. चित्र पुरतं मोकळं होतं. प्रत्येक चित्राची ही जागा वेगळी असते आणि ती शोधावी लागते. आत्यानं हा प्रकार पटकन उचलला. नंतर ती प्रत्येक चित्रासमोर आधी डावी-उजवी होऊन बघत होती आणि जागा सापडली की मला हाक मारत होती, “हितं ये, हितनं बघ.”

जिरेटोप तिला आठवलाच नाही. निघताना तिनं मला विचारलं की पोरांना इथं आणतात का. एलिमेंटरी, इंटरमिजिएटला बसणारी शेकडो मुलं या शहरात दरवर्षी चित्रकलेच्या क्लासला जातात. मडकी काढतात, वाटीतली फळं काढतात, स्मरणचित्रात बाजार आणि जत्रा काढतात. त्यांच्यातल्या पाच-सहा जणांना एका वेळी इथं आणावं, चाळीस जणांची रांग लावून आणू नये. प्रत्येकानं एकच चित्र निवडावं आणि त्याच्यासमोर अर्धा तास बसावं. वहीत नक्कल करायलाच हवी असं नाही. उजेड कुठे कोरा ठेवलाय तेवढा शोधला तरी पुष्कळ. हे मी एका चित्रकलेच्या बाईंना बोलून दाखवलं. त्या म्हणाल्या की अर्धा तास मुलं बसणार नाहीत. बसतील असं मला वाटतं. जत्रेतल्या तंबूत तीन तास न हलता बसणारी मुलं याच मुलखातली होती.

आत्या आता तिच्या भिशीतल्या बायकांना घेऊन जाणार आहे. तिनं मला फोनवर सगळी माहिती पुन्हा विचारून घेतली. मी सांगितलं, सकाळची वेळ धर, सुट्टीचा वार आधी विचारून घे, चष्मे सगळ्यांनी न्या, आणि त्या दिवशी दुसरीकडे कुठे जायचं ठेवू नका.